‘रीशिप करणे’ म्हणजे नेमके काय करणे? पाठवणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ऑनलाइन विक्री, कुरिअर किंवा निर्यात यांपैकी कोणत्याही कामात रुजू झालेल्या नवख्या माणसाच्या कानावर लवकरच एक क्रियापद पडते, ते म्हणजे ‘रीशिप करणे’. शब्दाचा अर्थ वरवर पाहता सरळ आहे: एकदा पाठवलेले पुन्हा पाठवणे. मात्र तीच वस्तू पाठवायची की तिच्या बदल्यात दुसरी, कोणत्या ठिकाणाहून पाठवायची, खर्च कोणी सोसायचा आणि पहिल्या पाठवणीचे काय झाले, यांपैकी एकही गोष्ट त्या क्रियापदात सामावलेली नसते. ‘हे रीशिप करा’ एवढाच निरोप हाती आला, की वाचणारा स्वतःला सुचेल तो अर्थ घेऊन कामाला लागतो, आणि त्यातून एकाच ग्राहकाकडे दोन वस्तू पोहोचणे किंवा माघारी आलेले पार्सल गोदामाच्या कोपऱ्यात तसेच पडून राहणे असे प्रकार घडतात. म्हणून प्रत्यक्ष बांधाबांधीला हात घालण्यापूर्वी अर्थ निश्चित करणे हा या कामाचाच भाग मानावा.

पहिली पायरी: कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते ठरवा

व्यवहारात या क्रियापदाचे चार अर्थ नेहमी भेटतात. पहिला अर्थ सर्वांत जुळणारा आहे: पत्ता न सापडल्याने, घेणाऱ्याने नाकारल्याने किंवा मुदतीत कोणी उचलून न नेल्याने माघारी आलेले तेच पार्सल पुन्हा रवाना करणे. दुसऱ्या अर्थात पहिली वस्तू हरवलेली, फुटलेली किंवा चुकीची गेलेली असते आणि तिच्या जागी त्याच प्रकारची दुसरी वस्तू पाठवली जाते. शब्दाच्या काटेकोर अर्थाने ही ‘बदली पाठवणी’ असली, तरी ऑनलाइन विक्रीच्या कामात रीशिप म्हणतात तेव्हा बहुधा हेच अभिप्रेत असते. तिसरा अर्थ पार्सल पुढे धाडणाऱ्या सेवांचा आहे. ज्या देशातील दुकान परदेशी पाठवत नाही, त्या देशातील एका मध्यस्थ पत्त्यावर माल घेतला जातो आणि तेथून तो खऱ्या मालकाकडे रवाना होतो. असे काम करणाऱ्याला रीशिपर म्हणतात. चौथा अर्थ व्यापाराचा, म्हणजे एका देशात आणलेला माल फारसा बदल न करता दुसऱ्या देशात पाठवणे, आणि त्यासाठी मराठीत पुनर्निर्यात हा रुळलेला शब्द असल्याने तोच वापरणे इष्ट.

जुन्या सागरी कागदपत्रांत आणखी दोन छटा आढळतात. उतरवलेला माल पुन्हा जहाजावर चढवणे ही त्यांपैकी एक, आणि एका सफरीची मुदत संपलेल्या खलाशाने पुन्हा जहाजावरील नोकरीचा करार करणे ही दुसरी. आजच्या कचेरीत त्यांचे काम सहसा पडत नाही, पण जुने करार किंवा रोजनामे वाचताना ‘खलाशी रीशिप झाला’ अशा अर्थाचे वाक्य दिसले तर गोंधळून जाऊ नये.

रीशिप नसलेल्या, पण रीशिप म्हणून खपवल्या जाणाऱ्या दोन गोष्टीही येथेच बाजूला काढाव्यात. दार बंद होते म्हणून कुरिअरवाला दुसऱ्या दिवशी तेच पार्सल घेऊन जातो, तो केवळ पुन्हा पोहोचवण्याचा प्रयत्न असतो. पार्सल वाहकाच्या ताब्यातून बाहेर आलेलेच नसते, त्यामुळे नवी पाठवणी सुरू झालेली नसते. त्याचप्रमाणे प्रवासाच्या मधल्या बंदरात माल एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जातो त्याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. पतपत्रांच्या (विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेने दिलेल्या लेखी हमीच्या) व्यवहारांसाठी 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या नियमावलीत त्याची व्याख्याच दिलेली आहे: चढवण्याचे बंदर आणि उतरवण्याचे बंदर यांच्या दरम्यान एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवणे. सगळा प्रवास एकाच वाहतूक दस्तऐवजाखाली होत असेल, तर वाटेत जहाज कितीही वेळा बदलले तरी त्याला रीशिप म्हणू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे: नवा प्रेषण क्रमांक (पार्सलचा माग काढण्याचा क्रमांक) किंवा नवा वाहतूक दस्तऐवज तयार झाला असेल तर रीशिप, जुनाच चालू असेल तर नाही.

दुसरी पायरी: ‘परत’ हा शब्द कामातून काढून टाका

मराठीत हे काम करणाऱ्यांपुढे एक खास अडचण उभी राहते. ‘परत’ या शब्दाचे आपल्या रोजच्या बोलण्यात दोन अर्थ आहेत, एक ‘माघारी’ आणि दुसरा ‘पुन्हा’. ‘परत आला’ म्हणजे माघारी आला आणि ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग, हे बोलताना संदर्भाने कळते. पाठवणीच्या कामात मात्र नेमका हाच संदर्भ दुटप्पी असतो. ग्राहक लिहितो, ‘वस्तू खराब आहे, परत पाठवा.’ त्याला दुसरी वस्तू हवी आहे, की वस्तू माघारी नेण्याची सोय करा असे त्याचे म्हणणे आहे? याच वाक्यावर एक कर्मचारी बदली पाठवणी सुरू करील आणि दुसरा वस्तू उचलून आणण्याची नोंद करील, आणि दोघांनाही आपण बरोबर केले असे वाटेल.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे लेखी व्यवहारात ‘परत’ पूर्णपणे टाळणे. ग्राहकाकडून विक्रेत्याकडे येणाऱ्या प्रवासासाठी ‘माघारी’ आणि विक्रेत्याकडून ग्राहकाकडे दुसऱ्यांदा होणाऱ्या प्रवासासाठी ‘पुन्हा’ असे दोन शब्द ठरवून घ्यावेत आणि टिपणात, संदेशात, तक्त्यातील शीर्षकातसुद्धा तेच ठेवावेत. ग्राहकाने ‘परत’ लिहिले असेल, तर उत्तरात ते न उचलता विचारावे: ‘आपल्याला याच वस्तूची दुसरी प्रत पुन्हा पाठवू, की आलेली वस्तू माघारी घेऊन पैसे देऊ?’ एका प्रश्नाने वाचणारा खर्च पुढच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा अधिक असू शकतो.

औपचारिक पत्रात ‘रीशिप’ऐवजी ‘पुन्हा रवाना करणे’ किंवा ‘फेरपाठवणी’ असे लिहिता येते. ‘पुनर्प्रेषण’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो वाचून संदेश किंवा प्रक्षेपण आठवण्याचा संभव असल्याने मालाच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही.

तिसरी पायरी: वाक्य पूर्ण लिहा

‘रीशिप’ हे मराठीत ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोन सहायक क्रियापदांबरोबर चालते, आणि त्यांतील फरक केवळ व्याकरणापुरता नाही. ‘करणे’ वापरले की भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते: माल रीशिप केला, ऑर्डर रीशिप केली, पार्सल रीशिप केले. अशा वाक्यात कर्ता सांगावा लागतो किंवा तो निदान विचारता तरी येतो. ‘पार्सल रीशिप झाले’ या वाक्यात मात्र कर्ता गायब होतो, आणि जबाबदारी ठरवण्याची वेळ आली की हेच वाक्य अडचणीचे ठरते. त्यामुळे अंतर्गत नोंदीत ‘झाले’ टाळून ‘गोदामाने केले’, ‘वाहकाने केले’ असे स्पष्ट लिहावे.

काळाकडेही तितकेच लक्ष द्यावे. लेबल छापले म्हणजे माल रवाना झाला असे होत नाही. वाहकाने पार्सल ताब्यात घेऊन पहिले स्कॅन केल्यानंतरच ‘रीशिप केले आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ वापरावा. तोपर्यंत ‘रीशिप करण्यासाठी तयार आहे’ असेच लिहावे. ग्राहकाच्या हाती क्रमांक पडला आणि त्यावर तीन दिवस काहीच हालचाल दिसली नाही, तर पहिल्या पाठवणीने आधीच नाराज झालेला माणूस दुसऱ्यांदा चिडतो, आणि ते रास्तही असते.

वाक्यात कोणते तपशील असावेत हे उदाहरणावरून लक्षात येईल. ‘ग्राहकाची ऑर्डर रीशिप केली’ हे अपुरे आहे. ‘पत्त्यात इमारतीचे नाव नसल्याने माघारी आलेले मूळ पार्सल, ग्राहकाने दुरुस्त करून दिलेल्या पत्त्यावर, नव्या प्रेषण क्रमांकाने, विक्रेत्याच्या खर्चाने आज पुन्हा रवाना केले’ हे वाक्य लांब आहे, पण सहा महिन्यांनी नोंद उघडणाऱ्याला दुसरे काही विचारावे लागत नाही.

चौथी पायरी: पहिली पाठवणी का फसली ते शोधा

कारण न शोधता केलेली फेरपाठवणी बहुतेक वेळा त्याच ठिकाणी जाऊन अडते. माघारी आलेल्या पार्सलवरचे लेबल आधी वाचावे. जागतिक टपाल संघाच्या, म्हणजे 1874 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या पद्धतीनुसार, माघारी जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय टपालावर सीएन 15 नावाचे लेबल लावले जाते आणि त्यावर अपुरा पत्ता, अनोळखी व्यक्ती, नाकारले, उचलले नाही यांसारखी कारणे खुणेने दाखवलेली असतात. ‘नाकारले’ अशी खूण असेल तर घेणाऱ्याशी बोलल्याशिवाय पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. ‘उचलले नाही’ असेल तर कदाचित त्याला सूचनाच मिळाली नसेल.

पार्सल हरवल्याची तक्रार असेल, तर बदली वस्तू काढण्यापूर्वी प्रेषण क्रमांक नीट उतरवला आहे का ते तपासावे. टपालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: दोन अक्षरे, आठ अंकांचा अनुक्रमांक, एक पडताळणी अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. पडताळणी अंक हाताने काढता येतो. समजा अनुक्रमांक 30517264 आहे. त्याच्या अंकांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 यांनी गुणून बेरीज केली की 159 येतात. 159 ला 11 ने भागल्यावर बाकी 5 उरते. 11 मधून 5 वजा केले की 6, म्हणून नववा अंक 6 असला पाहिजे. (वजाबाकीचे उत्तर 10 आले तर 0 आणि 11 आले तर 5 धरतात.) ग्राहकाने मधले 1 आणि 7 उलटसुलट लिहिले, तर पडताळणी अंक 1 निघतो आणि चूक लगेच उघडी पडते. ‘हरवलेले’ पार्सल कधी कधी अशा चुकीच्या क्रमांकामागेच दडलेले असते.

माल फुटलेला असेल तर घाई वेगळ्या गोष्टीची करावी लागते. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीसाठीच्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून जास्तीत जास्त 14 दिवसांत आणि विलंबाची तक्रार माल ताब्यात मिळाल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. ज्या समुद्री वाहतुकीला 1924 चे हेग नियम लागू आहेत तेथे वरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांत देणे अपेक्षित असते. कुरिअर कंपन्यांच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात, म्हणून त्या करारात पाहाव्यात. रीशिप करण्याच्या गडबडीत फुटलेली खोकी फेकून दिली, आतले वेष्टन टाकून दिले आणि छायाचित्रे काढलीच नाहीत, तर भरपाईचा दावा करायला पुरावाच शिल्लक राहत नाही. बदली वस्तू आज गेली काय आणि उद्या गेली काय, पुरावा मात्र आजच गोळा करावा लागतो.

पाचवी पायरी: खर्च कोणाचा ते आधी ठरवा

किरकोळ विक्रीत हे विक्रेत्याच्या धोरणावर आणि त्या देशाच्या ग्राहक कायद्यावर अवलंबून असते. व्यापारी मालाच्या बाबतीत उत्तर बहुधा कराराच्या अटीत असते. इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापारातील विक्रीच्या अटींच्या नियमांत एफओबी, डीएपी, सीआयएफ अशा संक्षिप्त नावांच्या अकरा अटी आहेत आणि प्रत्येक अट मालाची जोखीम नेमकी कोठे विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाते ते सांगते. एफओबी अटीत माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराची होते, तेव्हा त्यानंतर समुद्रात झालेल्या नुकसानीसाठी विक्रेत्याने आपल्या खर्चाने पुन्हा माल पाठवावा असे त्या अटीवरून म्हणता येत नाही. डीएपी अटीत उलट, ठरलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. सीआयएफमध्ये नवखे हमखास फसतात, कारण तेथे भाडे आणि विमा विक्रेता भरतो, पण जोखीम माल जहाजावर चढल्यावरच पलीकडे गेलेली असते.

मालच करारानुसार नसेल तर मुद्दा वाहतुकीचा राहत नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या 1980 च्या संयुक्त राष्ट्र कराराच्या कलम 46 नुसार, तो करार लागू असलेल्या व्यवहारात, दोष इतका गंभीर असेल की त्यामुळे कराराचा मूलभूत भंग होतो, तरच खरेदीदार बदली मालाची मागणी करू शकतो. एरवी दुरुस्तीसारखे इतर उपाय असतात. म्हणून ‘रीशिप करून देतो’ असे वचन लेखी देण्यापूर्वी ते देणे भाग आहे की सौजन्य म्हणून दिले जात आहे, हे वरिष्ठांना विचारून घ्यावे.

सहावी पायरी: बांधणी आणि लेबल नव्याने करा

जुने लेबल पूर्ण काढून टाकावे, आणि ते निघत नसेल तर बारकोडवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी. नुसती पेनाची रेघ पुरेशी नसते, कारण रेघेखालचा बारकोड यंत्र अनेकदा वाचतेच, आणि मग पार्सल नव्या पत्त्याऐवजी जुन्या मार्गाला लागते. माघारी आल्याचे लेबलही झाकावे. ते उघडे राहिल्यास पहिल्याच वर्गीकरण केंद्रातून पार्सल उलट्या पावली तुमच्याकडे येण्याचा संभव असतो.

खोके बदलले तर वजन पुन्हा काढावे, आणि काट्यावरच्या वजनाबरोबर आकारमानाचे वजनही मोजावे. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार अनेक कुरिअर सेवा 5000 ने भागतात आणि दोन वजनांपैकी जे मोठे असेल त्यावर भाडे लावतात. 40, 30 आणि 25 सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन 6 किलो होते; फुटलेल्या खोक्याऐवजी हाताशी होते म्हणून 50, 40 आणि 30 सेंटिमीटरचे खोके वापरले, तर तेच 12 किलो भरते. वस्तू तीच राहते आणि भाडे दुप्पट वजनाचे पडते.

दोन प्रकारच्या मालात विशेष काळजी घ्यावी. लाकडी पेटी किंवा पॅलेट परदेशी जात असेल, तर लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाच्या गाभ्याला 56 अंश सेल्सिअस तापमान सलग किमान 30 मिनिटे देणे ही त्यातील एक मान्य प्रक्रिया आहे, आणि ती झाल्याची खूण लाकडावर असते; पेटीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग बदलले तर जुनी खूण पुसून नव्याने प्रक्रिया करावी लागते. दुसरा प्रकार लिथियम बॅटरीचा. फुगलेली, मार लागलेली किंवा सुरक्षिततेच्या दृष्टीने सदोष ठरलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे, त्यामुळे बिघडलेला फोन ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने तो पुन्हा पाठवता येईल असे गृहीत धरू नये.

सातवी पायरी: सीमाशुल्काचे कागद

देशाबाहेर जाणारी फेरपाठवणी सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने नवीन पाठवणी असते, मग आतली वस्तू तीच असली तरी. नवे बीजक आणि नवे घोषणापत्र लागते. टपालाने जाणाऱ्या वस्तूंसाठी सीएन 22 किंवा अधिक मूल्य असल्यास सीएन 23 हे नमुने असतात. बदली वस्तूचे ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून मूल्याच्या रकान्यात शून्य लिहिण्याची सवय सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. ग्राहकाला वस्तू मोफत मिळाली तरी तिला मूल्य असतेच. ते खरे लिहून ‘बदली वस्तू, मोबदला नाही’ असा शेरा मारावा आणि मूळ बीजकाचा क्रमांक नोंदवावा. परदेशातून माघारी आलेला माल निर्यातीच्या वेळच्याच स्थितीत असेल, तर अनेक देशांत त्यावर आयातशुल्क माफ होऊ शकते, परंतु त्यासाठी पहिल्या निर्यातीचे कागद दाखवावे लागतात. म्हणून माल माघारी आला की फाइल बंद करण्याची घाई करू नये.

आठवी पायरी: नोंद जोडा आणि संशयास्पद मागणी ओळखा

नव्या पाठवणीला नवा क्रमांक देताना जुना क्रमांक त्याच नोंदीत ठेवावा. तीच वस्तू पुन्हा गेली असेल तर साठ्यातून ती एकदाच वजा होते. बदली वस्तू गेली असेल तर दोनदा, आणि पहिली वस्तू माघारी आल्यावर ती पुन्हा जमा करावी लागते. वर्षअखेरीच्या साठामोजणीत न जुळणाऱ्या आकड्यांपैकी बरेच या एका फरकातून आलेले असतात. ग्राहकाला कळवताना जुना क्रमांक आता निरुपयोगी असल्याचे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो जुन्याच क्रमांकावर पाहत राहतो.

पार्सल वाटेत असताना ‘पत्ता बदला, दुसरीकडे रीशिप करा’ अशी मागणी आली, तर ती मूळ खरेदीदाराकडूनच आली आहे याची खातरजमा त्याच्या आधीपासून नोंदवलेल्या संपर्कावरून करावी. नव्या मेलवरून किंवा नव्या फोन क्रमांकावरून आलेल्या विनंतीवर विसंबू नये. चोरलेल्या कार्डावर केलेल्या खरेदीत माल खऱ्या कार्डधारकाच्या पत्त्यावरून वळवण्याची ही नेहमीची रीत आहे. याच गुन्ह्याची दुसरी बाजू नोकरीच्या जाहिरातीच्या रूपाने समोर येते: घरी पार्सले घ्या, लेबल बदला आणि सांगितलेल्या परदेशी पत्त्यावर रीशिप करा, त्याचे मानधन मिळेल. अशा पार्सलांतला माल बहुधा चोरीच्या पैशाने घेतलेला असतो, पाठवणारा म्हणून तुमचेच नाव कागदावर चढते, आणि ठरलेले मानधन अनेकदा मिळतही नाही. असे पार्सल घरी येऊन पडलेच असेल तर ते पुढे पाठवू नये, उघडू नये, आलेले सर्व संदेश जपून ठेवावेत आणि वाहकाला व पोलिसांना कळवावे.